उतार संपला की पांढरा धूर, प्लग तेलकट काळा, गाडी बंद: टू-स्ट्रोक ट्रायल्स गाडीचा दर वर्षी परत येणारा त्रास

ट्रायल्स म्हणजे दगडधोंड्यांवरून पाय न टेकता हळू गाडी चालवायचा खेळ. आधी लक्षण सांगतो, तुमचं हेच असेल तर पुढं वाचा. गाडी थंड असताना दोन किकमध्ये चालू होते, आयडल एकदम तालात, दगडांवरून पाचदहा मिनिटं मस्त चालते. मग एखादा लांब उतार येतो, आपण थ्रॉटल पूर्ण बंद करून पहिल्या गिअरमध्ये ब्रेक दाबत दाबत खाली उतरतो, आणि खाली पोचून समोरच्या दगडावर चढायला थ्रॉटल दिला की भक्कन पांढरा धूर, गाडी अडखळते, खोकते आणि नेमकं पुढचं चाक दगडावर चढलं की बंद. किक मारून मारून पिंढरी भरून येते. प्लग काढला तर काळा, ओला, बोटाला तेल लागतंय. नवीन प्लग घातला की गाडी परत सोन्यासारखी, पुढचा लांब उतार येईपर्यंत.

हे माझ्या गाडीला सलग तीन वर्षं झालं आणि गंमत म्हणजे दर वर्षी साधारण एकाच वेळी, पाऊस संपून दसरा-दिवाळीच्या मध्ये. दर वेळी काहीतरी दुरुस्त केलं, दर वेळी वाटलं सुटलं, आणि पुढच्या वर्षी परत तेच. म्हणून सगळं सविस्तर लिहितोय, कारण पहिल्या दोन वेळी मी जे केलं ते पूर्ण चुकीचं नव्हतं पण अर्धवट होतं, आणि अर्धवट दुरुस्तीच जास्त महाग पडते.

गाडी म्हणजे यामाहा आरएक्स हंड्रेडचं इंजिन, तेच १९८५ ते १९९६ मधलं ९८ सीसीचं, आणि खाली कापून जोडून केलेली फ्रेम. सीट नाहीच, मागं मोठं स्प्रॉकेट, हँडल उंच, फूटरेस्ट मागं आणि खाली. वजन ऐंशी किलोच्या आसपास आलंय. खरी ट्रायल्स गाडी, म्हणजे स्पेनची मोंटेसा नाहीतर गॅसगॅस, इटलीची बेटा, सत्तरच्या आसपास असते, तेव्हा फार वाईट नाही. आपल्याकडं २०१९ ला बुलेट ट्रायल्स म्हणून आली होती, दिसायला झकास, पण पावणेदोनशे किलोच्या वरची गाडी घेऊन दगडावर उभं राहायचं म्हणजे म्हशीला जिना चढवण्यासारखं आहे, असो, तो वेगळा विषय. माझी गाडी रस्त्यावर नेत नाही, फ्रेम कापलेली गाडी मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही, छोट्या हत्तीत टाकून बेळगावजवळच्या खानापूरच्या पुढं एका ओळखीच्या पावण्यांच्या बंद पडलेल्या चिऱ्याच्या खाणीत नेतो. तिथं पायऱ्या पायऱ्यांचे कट आहेत, शेजारी नाला आहे, दोन-चार जणं रविवारी जमतो, कुणीतरी उभं राहून मार्क घेतं, मार्क कमी तेवढं चांगलं. पाय टेकला एक, दोनदा टेकला दोन, तीनदा किंवा जास्त टेकला तर तीन, थांबला किंवा पडला तर पाच. माझा धुराचा त्रास सुरू झाला की प्रत्येक सेक्शनला, म्हणजे आखलेल्या प्रत्येक टप्प्याला, पाच.

आता मुद्द्याचं. ट्रायल्स गाडीत हा त्रास जास्त का दिसतो हे आधी समजून घ्या. रस्त्यावरची आरएक्स बहुतेक वेळ अर्ध्या थ्रॉटलच्या वर चालते, थोडंफार तेल कुठून आत आलं तरी जळून जातं, धूर मागं राहतो, मालकाला पत्ता पण लागत नाही. ट्रायल्स गाडी आयडल आणि पाव थ्रॉटलमध्येच जगते. प्लग पुरेसा तापतच नाही, स्वतःला साफ करू शकत नाही. त्यामुळं जे काही चुकीचं आत शिरतंय ते प्लगवर बसतं. आणि म्हणूनच माझ्यासकट सगळे आधी प्लग, मग कार्ब्युरेटर, मग टू-टी ऑइल (टू-स्ट्रोकच्या पेट्रोलात मिसळायचं तेल), ह्या क्रमानं पैसे घालवतात.

पहिल्या वर्षी मी तेच केलं. प्लग काळा म्हणजे गाडी रिच, हवेच्या मानानं पेट्रोल जास्त, एवढंच डोक्यात. ऑटोल्यूबचा, म्हणजे इंजिनला आपोआप तेल देणारा, पंप आधीच काढला होता आणि टाकीतच मिक्स करत होतो, ४०:१ वरून ५०:१ केलं, म्हणजे लिटरला २५ मिलीचं २० मिली. फरक शून्य. मग पायलट जेट, म्हणजे कमी थ्रॉटलला पेट्रोल देणारं कार्ब्युरेटरमधलं भोक, एक साईज बारीक केला. मग एअर स्क्रू बाहेर काढत काढत तीन फेऱ्यांपर्यंत नेला. मग प्लग एक नंबर गरम, म्हणजे जास्त तापून स्वतःला साफ ठेवणारा, घातला. (इथं एक लक्षात ठेवा, एनजीकेमध्ये नंबर कमी म्हणजे प्लग गरम, बॉशमध्ये उलटं, नंबर जास्त म्हणजे गरम. दुकानदार "एक नंबर वरचा देतो" म्हणाला की कुठल्या कंपनीचा ते विचारा, मी एकदा उलटाच घेऊन आलोय.) ह्या सगळ्यानं धूर गेला नाही पण गाडी थोडी जास्त वेळ चालायला लागली, मला वाटलं जमलं.

जमलं नव्हतं. मी रोगावर पांघरूण घातलं होतं आणि त्याचा हिशोब तिसऱ्या वर्षी चुकवावा लागला, ते पुढं येतंच.

प्लग बघायचा तर नुसता "काळा" म्हणून सोडू नका. कोरडा काळा, काजळी धरल्यासारखा, पुसला की भुकटी निघते, तर पेट्रोल जास्त आहे, कार्ब्युरेटरकडं जा. ओला आणि पेट्रोलचा वास, पण तेलकटपणा फारसा नाही, तर एकतर फ्लोट भरून वाहतोय नाहीतर करंट नाही. ओला, तेलकट, चिकट, आणि वास नेहमीच्या टू-टीच्या गोडसर वासासारखा नाही, जळक्या जड तेलासारखा, तर थांबा, कार्ब्युरेटरला हात लावू नका. माझा तिसऱ्या प्रकारचा होता आणि मी वर्षभर पहिल्या प्रकारचा इलाज करत बसलो.

धूर कधी येतो ते पण बघा. रिच गाडीचा धूर सगळीकडं थोडा थोडा येतो. माझा येत होता थ्रॉटल बंद ठेवून उतरल्यावर, आणि दुसरं म्हणजे रात्रभर उभी राहिली की सकाळी पहिल्या किकला. गाडी उजव्या कुशीवर पडली, आणि ट्रायल्समध्ये ती पडतेच, तर उचलल्यावर दुप्पट धूर. हे तिन्ही जुळले तर गाडी गिअरबॉक्सचं ऑइल पितेय असं समजा.

हे मला पहिल्यांदा सांगितलं ते बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका लेथवाल्या काकांनी. मी त्यांच्याकडं वेगळ्याच कामासाठी गेलो होतो, फूटरेस्टचे बुश करायचे होते, गाडी बाहेर छोट्या हत्तीत होती, चालू करून दाखवली तर त्यांनी धुराचा वास घेतला आणि हातातलं काम न सोडता म्हणाले, "गाडी एण्णी कुडीतैत्री." गाडी तेल पितेय. मी म्हटलं अहो टू-स्ट्रोक आहे काका, तेल पिणारच. तर म्हणाले, "त्ये न्हवं गा. क्लचमधलं प्यालीय. वास वळखत न्हाईस?" मी ऐकून घेतलं आणि विसरलो. हे पहिल्या वर्षीचं.

दुसऱ्या वर्षी परत तेच सुरू झालं तेव्हा त्यांचं म्हणणं आठवलं आणि गिअर ऑइल काढून मोजलं. ही टेस्ट फुकट आहे आणि सगळ्यात आधी करायची आहे: गिअर ऑइल मॅन्युअलमध्ये दिलंय तेवढं मेजरिंग कपनं मोजून घाला, लिहून ठेवा, चार रविवार गाडी चालवा, गाडी गरम असताना सगळं काढा, थोडी दोन्ही बाजूंना कलती करून निथळू द्या, परत मोजा. बाहेर कुठं गळती नाही आणि तरी शंभर मिली कमी आलं तर ते कुठं गेलं? सायलेन्सरमधून गेलं. माझं तेवढंच कमी होतं. उलटं पण होतं, ऑइल वाढलेलं आणि पेट्रोलचा वास मारणारं निघालं तर दाबाच्या वेळी मिश्रण तिकडं जातंय, रस्ता तोच.

रस्ता म्हणजे क्रँकचं, पिस्टन जो दांडा फिरवतो त्याचं, उजवं, क्लचच्या बाजूचं सील. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनच्या खालची खोली पंपासारखी काम करते, पिस्टन वर गेला की ओढते, खाली आला की दाबते, आणि तिला दोन्ही बाजूंनी बंद ठेवणारी दोन रबरी सीलं असतात, एक मॅग्नेटोच्या, म्हणजे वीज करणाऱ्या चाकाच्या, बाजूला आणि एक क्लचच्या बाजूला. मॅग्नेटोच्या बाजूचं गेलं तर कोरडी हवा आत येते, गाडी लीन होते, म्हणजे पेट्रोलच्या मानानं हवा जास्त, थ्रॉटल सोडला तरी आरपीएम लवकर खाली येत नाही, आणि तसंच ताणत राहिलं तर एक दिवस पिस्टन धरतो, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकतो. क्लचच्या बाजूचं गेलं तर हवेऐवजी ऑइल येतं. आता उतारावरच का, तर थ्रॉटल बंद आणि गाडी इंजिनला ढकलत खाली चाललीय म्हणजे आत ओढ सगळ्यात जास्त, कार्ब्युरेटरकडून काही मिळत नाही म्हणून जिथून मिळेल तिथून ओढते. आणि सीलची ओठाची बाजू, स्प्रिंग असलेली, बहुतेक क्रँककेसकडं तोंड करून असते, आतून दाब आला की ओठ शाफ्टवर घट्ट बसतो, पण आतून ओढ आली की तोच ओठ उचलला जातो. सील थोडं कडक झालं असेल तर दाबाला टिकेल आणि ओढीला गळेल. म्हणून सपाटीवर गाडी ठीक आणि उतारावर बेकार. हे कळल्यावर मला इतकं बरं वाटलं की मी त्या रात्री जेवताना बायकोला पण समजावून सांगितलं, तिनं "बरं" म्हटलं.

आता टेस्ट. दुकानात लीक-डाउन टेस्टर महाग मिळतो, आपल्याला गरज नाही, डॉक्टरचं बीपीचं मशीन घ्या, पाऱ्याचं नको, घड्याळवालं. त्याचा फुगा आणि घड्याळ एवढंच लागतं, दंडाला बांधायचा पट्टा काढून ठेवा. घड्याळावर ३०० पर्यंत आकडे असतात, ३०० म्हणजे साधारण ५.८ पीएसआय, आणि ह्या कामाला लोक सहा पीएसआयच घेतात, म्हणजे मशीन जणू आपल्यासाठीच केलंय. त्याच्या वर जाऊच नका, चांगलं सील उगाच ढकललं जाईल. सायलेन्सर काढून एक्झॉस्टच्या तोंडावर सायकलच्या जाड ट्यूबचा तुकडा आणि वर पत्र्याची पट्टी, दोन नटांनी आवळा. कार्ब्युरेटर काढून इनटेकच्या रबरात लाकडाचा किंवा नायलॉनचा गोल गुटका, मधून भोक पाडून बीपीची नळी, क्लॅम्प घट्ट. ऑटोल्यूब काढलं असेल तर त्याच्या ऑइलच्या नळीचं तोंड बंद आहे का बघा, माझं नुसतं स्क्रू घालून बंद केलेलं होतं आणि पहिल्यांदा तिथूनच हवा जात होती, अर्धा तास वेड्यासारखं सील शोधत होतो. प्लग घट्ट ठेवा. पिस्टन खाली आणा म्हणजे ट्रान्सफर पोर्ट उघडे राहतील आणि वर-खाली एकच दाब होईल.

मग हळूहळू अडीचशेपर्यंत दाब भरा आणि घड्याळ बघत बसा. एका मिनिटात पन्नासच्या आत पडलं तर इंजिन ठीक समजा. जास्त पडलं तर साबणाचं पाणी: हेडचा जोड, सिलिंडरच्या खालची गॅस्केट, इनटेकचं रबर, केसचा मधला जोड, आणि मॅग्नेटोचं कव्हर काढून त्या बाजूचं सील. कुठंच बुडबुडा नाही आणि तरी घड्याळ पडतंय? तर गिअरबॉक्सच्या ब्रीदरच्या, म्हणजे आतली हवा ये-जा करायच्या, नळीला लहान पोरांचा वाढदिवसाचा फुगा बांधा. ऑइल भरायचं बूच बंद ठेवा. फुगा फुगायला लागला की झालं, दाब क्लचच्या बाजूच्या सीलमधून गिअरबॉक्समध्ये चाललाय. माझा फुगा हळूहळू, अगदी निवांत फुगला. शेजारची पोरं जमली होती, त्यांना वाटलं काहीतरी खेळ चाललाय.

एक अडचण सांगतो. आत्ताच म्हटलं तसं सील दाबाला टिकतं आणि ओढीला गळतं असं पण होतं. म्हणून दाबात पास झालं म्हणजे सुटलो असं नाही, ब्रेक ब्लीड करायचा हातपंप असेल तर तेवढीच ओढ देऊन पण बघा. गिअर ऑइल कमी होतंय पण दाबाची टेस्ट पास होतेय अशी तक्रार असेल तर उत्तर इथं आहे.

तर दुसऱ्या वर्षी सील बदललं. क्रँकचं रॉड बेअरिंग पण वाजत होतं म्हणून केस फोडलीच होती, दोन्ही सीलं नवीन, दोन्ही बेअरिंग नवीन. (काही इंजिनांत उजवं सील क्लच आणि प्रायमरी गिअर काढून बाहेरूनच निघतं, काहींत केस फोडल्याशिवाय निघत नाही, हातोडी घ्यायच्या आधी आपल्या इंजिनचं बघून घ्या, स्क्रू ड्रायव्हरनं उचकटून केसला ओरखडा पाडलात तर नवीन सील पण त्या ओरखड्यातून गळणार.) सील दीडशे रुपयाच्या आतबाहेर, मजुरी वेगळी. गाडी हिवाळाभर आणि उन्हाळाभर एक नंबर चालली. मी सगळ्यांना सांगत सुटलो की सापडलं.

आणि पाऊस संपला आणि परत धूर.

इथं मात्र डोकं फिरलं. वर्षभरात नवीन सील कसं जाईल? मेस्त्री म्हणाला डुप्लिकेट सील असेल, असेल पण, बाजारात कमी नाहीत. पेट्रोलला शिव्या घालून झाल्या. त्यात पण थोडं तथ्य आहे, आता पंपावर सगळीकडं वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल आहे, साधं नायट्राइल रबर त्यात फुगतं, कडक होतं, आणि जुन्या गाड्यांची सीलं त्यासाठी केलेलीच नव्हती. आणि आमच्याकडं पावसाळ्यात चार महिने गाडी अर्ध्या टाकीवर उभी असते, हवेतला दमटपणा इथेनॉल ओढून घेतं, पाणी एका हद्दीपलीकडं गेलं की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन टाकीच्या तळाला बसतात आणि पेट्रोल वर राहतं. टू-टी ऑइल राहतं वरच्या पेट्रोलात. म्हणजे कॉक उघडला की पहिल्यांदा खाली जाते ती बिनतेलाची पाणचट दारू. म्हणून आता जूनच्या सुरुवातीला टाकी आणि कार्ब्युरेटरचा बाउल रिकामा करतो आणि दसऱ्याला ताजं मिक्स भरतो, एवढं सगळ्यांनी करावं. पण हे माझ्या धुराचं कारण नव्हतं, कारण ऑइल परत गिअरबॉक्समधूनच कमी होत होतं.

तिसऱ्या वेळी परत फुगा बांधायला गेलो आणि तिथंच सापडलं. ब्रीदरच्या नळीला फुगा लावताना नळी पिळली तर कडक लागली. काढून फुंकून बघितली, हवा जाईना. तार घातली तर आतून लाल माती निघाली, वाळून विटेसारखी झालेली. खानापूर-जांबोटीकडची माती माहितीय ना, ओली असताना लोणी आणि वाळली की चिरा. पावसात आम्ही खाणीत जात नाही पण पाऊस कमी झाला की नाल्यात प्रॅक्टिस करतो, गुडघाभर पाणी, मऊ गाळ, गाडी आडवी पडते, आणि माझी ब्रीदरची नळी इंजिनमागं खाली सोडलेली होती, चेनच्या बाजूला, नेमकी जिथं चाकाचा चिखल उडतो तिथं. गरम इंजिन थंड पाण्यात शिरलं की गिअरबॉक्समधली हवा आकसते आणि नळीतून ओढून घेते, जे तोंडाशी असेल ते, म्हणजे चिखलपाणी. दोन-तीन रविवारात बूच बसतं.

आणि ब्रीदर बंद झाला की काय होतं: इंजिन तापलं की गिअरबॉक्समधली हवा फुगते, बाहेर जायला वाट नाही, दाब वाढतो, आणि एका बाजूनं हा दाब ढकलतोय, दुसऱ्या बाजूनं क्रँककेस ओढतेय, मधल्या सीलच्या ओठाला उलट्या दिशेनं. नवीन सील पण किती दिवस टिकणार. नळी साफ केली आणि गाडी चालवली तर धूर निम्म्यावर आला, तेव्हाच समजलं की "दर वर्षी दसऱ्यानंतर" ह्याचं कारण मुहूर्त नव्हता, नाला होता. ऑइल बघितलं तर थोडं दुधाळ पण झालं होतं, पाणी आत गेल्याची खूण, ती खूण मी पहिल्या वर्षी पण बघितली होती आणि "दमट हवा" म्हणून सोडून दिली होती.

निम्म्यावर आला, गेला नाही. म्हणून परत उघडलं, आणि आता लेथवाल्या काकांकडंच नेलं. त्यांनी क्रँकच्या त्या भागावर नख फिरवलं आणि माझं नख धरून पण फिरवायला लावलं, जुन्या सीलनं वर्षानुवर्षं घासून एक बारीक चर पाडली होती. नवीन सील बरोबर त्याच चरीत बसतं, ओठाला पूर्ण पकड मिळत नाही. नखाला लागली म्हणजे जास्त आहे, असं त्यांचं माप. उपाय तीन. सील ज्यावर घासतं ती वेगळी कॉलर असेल तर कॉलर बदला, सगळ्यात स्वस्त. नसेल तर सील बसवताना अर्धा-एक मिलीमीटर मागंपुढं बसवा म्हणजे ओठ ताज्या जागेवर येईल, पण ऑइलचं भोक झाकलं जात नाही ना आणि बेअरिंगला टेकत नाही ना ते बघून. ते पण शक्य नसेल तर शाफ्टवर हार्ड क्रोम चढवून परत ग्राइंड. आपण बेळगावात आहोत, फाउंड्री आणि मशीन शॉपच्या गावात, हे काम पुण्याला पाठवायची गरज नाही. माझं अर्धा मिलीमीटर सरकवण्यात भागलं. सील ह्या वेळी व्हिटॉनचं, ह्या वेगळ्या रबराचं, घेतलं, उष्णता आणि इथेनॉल दोन्हीला बरं. बहुतेक तपकिरी मिळतं पण रंगावर जाऊ नका, काळं पण असतं, दुकानदाराला मटेरियल विचारूनच घ्या. बसवताना ओठाला थोडं ऑइल लावा, कोरडं घातलं तर पहिल्या मिनिटातच ओठ जळतो.

ब्रीदरची नळी आता इंजिनवरून सरळ वर, टाकीच्या खाली फ्रेमच्या नळीला धरून नेलीय, स्टेअरिंगच्या मागं उंच, तिथून उलटा यू करून तोंड खाली, तोंडाला स्पंजचा तुकडा. नळी पेट्रोल-ऑइलला चालणारी घ्या, मत्स्यालयाची घेऊ नका, उन्हाळ्यात वितळल्यासारखी चपटी होते आणि परत तोच खेळ. कार्ब्युरेटरच्या बाउलच्या व्हेंट नळ्या पण अशाच वर घेतल्या, त्या चिखलात बुडाल्या की गाडी चढावर पेट्रोलला तरसते, तो वेगळा त्रास आहे पण मूळ तेच.

आता तो हिशोब. सील बसलं, ब्रीदर मोकळा झाला, गाडी चालू केली, धूर एकदम गायब, मी खूष, आणि दहा मिनिटांनी आयडल आपोआप चढायला लागला, थ्रॉटल सोडला तरी आरपीएम खाली येईना. पोटात गोळा आला, म्हटलं आता मॅग्नेटोचं सील गेलं की काय. बीपी मशीन लावलं, पास. मग ट्यूब पेटली. पहिल्या वर्षी मी पायलट बारीक केला होता, स्क्रू तीन फेऱ्या बाहेर, प्लग गरम. गळती होती तेव्हा त्या सगळ्यावर गाडी कशीबशी चालत होती, गळती बंद झाल्यावर तेच सेटिंग जास्तच लीन ठरलं. अशीच खाणीत नेली असती तर पिस्टन धरला असता. तेव्हा गळती काढली की कार्ब्युरेटर मूळ जागेवर आणा, मगच ट्यूनिंग.

ट्यूनिंग थोडक्यात सांगतो, कारण ट्रायल्सला लागणारा भाग लहान आहे. बंद ते एक अष्टमांश थ्रॉटल म्हणजे पायलट जेट आणि एअर स्क्रू, तिथून पावपर्यंत स्लाइडचा, म्हणजे थ्रॉटलसोबत वर-खाली होणाऱ्या तुकड्याचा, कट, पाव ते पाऊण निडल, वर मेन जेट. आपलं नव्वद टक्के काम पहिल्या दोघांत. इंजिन पूर्ण गरम करा, एअर स्क्रू हलक्या हातानं पूर्ण आत, मग दीड फेरी बाहेर, तिथून पाव पाव फेरी फिरवत आयडल जिथं सगळ्यात वर जातो ती जागा शोधा आणि आयडलच्या स्क्रूनं परत खाली आणा. ती जागा एक फेरीच्या आत आली तर पायलट लहान आहे, अडीचच्या पुढं गेली तर मोठा. आयडल चांगला पण थ्रॉटल उघडताच क्षणभर मरते तर स्लाइडकडं बघा, कटचा नंबर जास्त म्हणजे लीन. एका वेळी एकच गोष्ट बदला, मी एका रविवारी तीन बदलल्या होत्या आणि संध्याकाळी कशानं काय झालं हे देवाला पण सांगता आलं नसतं.

आणि दुसऱ्याचे जेट उसने घेऊ नका. सावंतवाडीच्या मित्राची गाडी तिकडं झकास चालायची, घाट चढून आमच्याकडं आणली की जड. बेळगाव साडेसातशे मीटरवर आहे, हवा समुद्रकाठापेक्षा साधारण सात टक्के विरळ, तेवढ्यानं पायलट सर्किटला फरक पडतोच. तो म्हणत होता "तुमच्या पंपावरचं पेट्रोल खराब", मी म्हणत होतो "तुझी गाडी खराब", दोघंही चुकीचे.

ह्या वर्षी दसरा झाला, दिवाळी झाली, नाल्यात तीनदा जाऊन आलो. गेल्या आठवड्यात ऑइल काढून मोजलं, कपला आणि भांड्याला चिकटलं तेवढंच कमी, दुधाळपणा नाही. प्लग चॉकलेटी. पाचाऐवजी आता तीन मिळतात, ते तीन माझ्या पायांचे दोष आहेत, गाडीचे नाहीत.

सीलच्या साईझबद्दल बरेच जण विचारतात म्हणून एवढं सांगतो: गाडीच्या नावावर सील मागू नका, जुनं काढलेलं पुसून बघा, त्याच्यावरच तीन आकडे असतात, आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी, सगळे मिलीमीटरमध्ये. तो फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि सील घेताना जुनं पण खिशात असू द्या, कारण डावं आणि उजवं वेगळं असू शकतं आणि दुकानात रविवारी दुपारी ते आठवत नाही.